पट्टी न बांधलेला शिपाई

मेश्रामभाऊ गेले होते गवत कापायची मशीन आणायला. आम्ही अमेरिकेत राहायचो त्या ॲन आर्बरच्या बाहेर एका शेतघराचा म्हातारा मालक वारला होता आणि त्याच्या मुलांनी घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं. दुपारी भाऊंची गाडी आमच्या दोन्ही घरांमधल्या ड्राइव्हवेत येऊन थांबली. सिंधूवहिनी दारातच उभ्या होत्या. अंगणात गवत गुडघ्याला लागत होतं आणि शेजारचे गोरे लोक ते बघून आता नुसतं हसून जात नव्हते. भाऊंनी मागचं दार उघडलं आणि जुन्या गोधडीत गुंडाळलेली एक भलीमोठी फ्रेम बाहेर काढली.

“मशीन कुठंय?” वहिनींनी विचारलं.

“मशीन विकली गेली होती. पण हे पाहा ना जी, काय मिळालं!”

गोधडी बाजूला झाली. आत एक जुनं छापील चित्र होतं, वरून हातानं हलके रंग भरलेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धातला प्रसंग. मोकळ्या मैदानात ओळीनं लाकडी शवपेट्या ठेवलेल्या, प्रत्येक पेटीवर निळ्या गणवेशातला एकेक शिपाई बसलेला, हात मागे बांधलेले, डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. समोर बंदुका खांद्याला लावून उभी असलेली तुकडी. डावीकडच्या टोकाला बसलेल्या शिपायाच्या डोळ्यांवर मात्र पट्टी नव्हती. तो बंदुकांकडे न बघता सरळ चित्राबाहेर, आपल्याकडे बघत होता.

वहिनींनी ते एकदा पाहिलं आणि मला हाक मारली. “अलका, ये गं, बघ. मशीन आणायला गेले आणि मेलेली माणसं घेऊन आले.”

“मेलेली कुठं? नीट पाहा. बंदुका नुसत्या वर झाल्यात. धूर कुठं दिसून राहिला का? सगळे जिवंत आहेत.”

“पाच मिनिटांत मरतील ना!”

“ते पुढचं पुढं,” भाऊ म्हणाले आणि असे हसले की पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

भाऊ दातांचे डॉक्टर होते. नागपूरच्या पुढच्या एका लहान गावातून शिकत शिकत इथवर आले, इथे येऊन पुन्हा पहिल्यापासून परीक्षा दिल्या आणि गावाच्या कडेला स्वतःचं क्लिनिक काढलं. उंच, रुंद, मिशा भरघोस. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, दात राहायचे. “काल दुकानात ती भेटली होती, वरचा सुळा आडवा असलेली,” असं ते सांगायचे आणि वहिनींना बरोबर कळायचं की ही प्रोफेसर देशपांड्यांची बायको. रविवारी सकाळी त्यांच्या घरी बुद्धवंदना असायची. आम्ही चार-पाच कुटुंबं जमायचो. वंदना संपली की भाऊ लहान मुलांना रांगेत उभं करून तोंडं उघडायला लावायचे आणि मगच खाऊ द्यायचे. घरात त्यांना सोळा वर्षांची एकुलती एक मुलगी होती, संघमित्रा. घरी ती मित्रा आणि शाळेत सॅम.

ते चित्र दिवाणखान्यात लागणार नाही, हे वहिनींनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. जेवणाच्या खोलीत तर नाहीच. मित्रा म्हणाली, “नॉट इन माय रूम.” मग भाऊंनी ते क्लिनिकमध्ये नेलं आणि लावलं कुठं, तर पेशंटच्या खुर्चीच्या बरोबर समोर. म्हणजे तोंडात दिव्याचा झोत, कापसाचे बोळे, कानाशी ड्रिलचा आवाज आणि समोर ती नेम धरून उभी असलेली तुकडी.

मी म्हटलं, “भाऊ, पेशंट पळून जातील.”

“उलट झालंय, अलकाताई. लोक म्हणतात, डॉक्टर, याच्यापुढं रूट कॅनाल काहीच नाही.”

पेशंट तोंड उघडून पडलेला असायचा, त्याला उलट बोलता यायचं नाही. भाऊंना असा श्रोता दुसरीकडे कुठं मिळणार? काम करता करता ते प्रत्येकाला चित्र समजावून सांगायचे. हे शिपाई दक्षिणेतलेच. त्यांच्या राज्यानं बंड केलं, देशातून फुटून निघालं, गुलामी टिकवायला शस्त्रं उचलली. हे म्हणाले, आम्ही तुमच्यासोबत येत नाही. ते जाऊन देशाच्या फौजेत भरती झाले. मग पकडले गेले आणि त्यांच्याच गावच्या लोकांनी त्यांना गद्दार म्हणून उभं केलं. चित्राखाली इंग्रजीत एक ओळ छापली होती. भाऊंनी तिचं मराठी केलं होतं, “इमान राखणाऱ्या शिपायांना गोळ्या घालताना.” चित्रात मारायला आलेल्या अधिकाऱ्याचं नाव दिलेलं होतं. मरणाऱ्यांची नावं नव्हती. याचा भाऊंना फार राग यायचा. राग आला की ड्रिल जरा जोरात चालायचं.

एक दिवस त्यांच्याकडे वॉल्टर नावाचा एक पेशंट आला. शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेला, पांढऱ्या दाढीचा. भाऊंनी इंजेक्शन दिलं, तोंडात बोळे भरले, आणि वॉल्टरची नजर चित्रावर गेली. तो हात हलवून घशातून चमत्कारिक आवाज काढायला लागला. भाऊंना वाटलं, दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. वॉल्टर आणखी जोरात हात हलवायला लागला. भाऊ म्हणाले, “रिलॅक्स, रिलॅक्स,” आणि तिसऱ्याची तयारी करायला लागले. शेवटी वॉल्टरनं स्वतःच्या हातानं बोळे उपटून काढले आणि बधिर झालेल्या जिभेनं विचारलं, “हे तुम्हाला कुठं मिळालं?”

वॉल्टर एका हौशी पलटणीचा कॅप्टन होता. शनिवार-रविवारी ही मंडळी जुन्या काळचे गणवेश घालून मैदानात तंबू ठोकायची आणि यादवी युद्धातल्या लढाया वठवून दाखवायची. त्या दिवशी पुढचे दोन पेशंट बाहेर ताटकळत राहिले. वॉल्टरचं म्हणणं, चित्रकारानं हा प्रसंग डोळ्यांनी पाहिलेलाच नसणार. उत्तरेतल्या छापखान्यात बसून लोकांची मनं पेटवण्यासाठी काढलेलं चित्र आहे हे. भाऊ म्हणाले, “असेल. पण पट्टी न बांधलेला तो एक शिपाई त्यानं कुणाला तरी बघून काढलाय. असे डोळे मनानं काढता येत नाहीत.” वॉल्टर खुर्चीतून उठून चित्राजवळ गेला. मग म्हणाला, “शनिवारी मैदानावर या.”

शनिवारी भाऊ गेले आणि पलटणीत भरतीच व्हायचं म्हणाले. तिथे रॉजर नावाचा एक गृहस्थ होता, नियमांना फार पक्का. बटणं कुठल्या धातूची, मोजे कुठल्या विणीचे, सगळं तो तपासायचा. तो नम्रपणे म्हणाला, “डॉक्टर, गैरसमज नको, पण त्या फौजेत भारतातला माणूस शोभणार नाही. लोकांना खरं वाटलं पाहिजे.”

भाऊ म्हणाले, “त्या फौजेतले सगळे मेले, रॉजर. आज इथं उभे आहेत ते सगळे सोंगच घेऊन उभे आहेत. मग माझ्याच सोंगाला काहून हरकत?” आणि मग त्यांनी खिशातून आरसा काढला. दातांच्या डॉक्टरचा, लांब दांड्याचा. “खरंखुरंच पाहिजे ना? तेव्हा काडतुसाचा कागद समोरच्या दातांनी फाडावा लागायचा. समोरचे दात नसतील तर शिपायाला भरती करत नव्हते. चला, तोंडं उघडा!”

वॉल्टरला हसू आवरेना. पलटण रांगेत उभी राहिली आणि भाऊंनी एकेकाचं तोंड तपासलं. अर्धीअधिक पलटण नापास झाली. रॉजरचे वरचे चारही दात खोटे निघाले. “तुम्हाला स्वयंपाक्यांत टाकावं लागेल,” भाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. रॉजर क्षणभर गोरामोरा झाला आणि मग त्यालाच इतकं हसू फुटलं की ते चारही दात हातात घ्यावे लागले. पुढे रॉजर त्यांचा पेशंटही झाला आणि मित्रही.

गणवेशाचा प्रश्न निघाला. भाऊंच्या मापाचा निळा कोट कुठेच मिळेना. सिंधूवहिनींनी पंधरा दिवस तोंड फिरवलं आणि सोळाव्या दिवशी स्वतःच लोकरीचं कापड आणलं. काजं हातानंच करावी लागतात, मशीननं केलेली रॉजरला चालत नाहीत, हे ऐकल्यावर तर त्यांना ईर्षाच चढली. वहिनींची काजं बघून रॉजरनं आपला कोट उसवून त्यांच्याकडे पाठवला. मग इतरांचे यायला लागले. आमच्या ड्राइव्हवेत कुणीतरी अर्ध्या गणवेशातला म्हातारा उभा आणि वहिनी तोंडात टाचण्या धरून त्याला मराठीत “सरळ उभे राहा ना हो” म्हणतायत, हे दृश्य त्या वर्षी नेहमीचं झालं.

छावणीत खायला तेव्हाच्या फौजेची दगडासारखी बिस्किटं असायची. पाण्यात भिजवल्याशिवाय तुटायची नाहीत. पहिल्याच मुक्कामाला भाऊंनी ते बिस्किट हातात घेतलं, रॉजरच्या खोट्या दातांकडे बघितलं आणि म्हणाले, “याच्यापेक्षा आमचे रोडगे काय वाईट?” पुढच्या वेळी ते कणीक मळूनच घेऊन गेले. शेकोटीच्या निखाऱ्यांत रोडगे भाजले, राख झटकून फोडले, वर तूप सोडलं आणि लोखंडी भांड्यात वांग्याची भाजी केली. आम्हीही त्या दिवशी गेलो होतो. वॉल्टर मांडी घालून गवतात बसला होता, दाढीला तूप लागलेलं, नाकातून पाणी वाहतंय आणि तो म्हणतोय, “हे मिळालं असतं तर लढाई दोन वर्षं आधीच संपली असती.” रॉजरनं मात्र खाण्याआधी विचारलं, “हे त्या काळात होतं का?”

“तुमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे होतं,” भाऊ म्हणाले. रॉजरला ते पटलं.

त्या उन्हाळ्यात वॉल्टरनं ठरवलं की एका जवळच्या गावाच्या मेळ्यात या वेळी लढाईऐवजी ते चित्रच उभं करायचं. शवपेट्या, तुकडी, सगळं तसंच. टोकाला बसणारा तो पट्टी न बांधलेला शिपाई अर्थातच भाऊ होणार होते. ते घरी मरायची तालीम करायचे. हिरवळीवर, आता रॉजरनं दिलेल्या मशीननं कापलेल्या, ते छातीवर हात दाबून कोसळायचे आणि पडल्या पडल्या विचारायचे, “कसं झालं?” वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायच्या, “अहो, नीट मरा! मागच्या वेळी जास्त चांगले मेला होतात.”

या सगळ्यात मित्रा कुठेच नव्हती. वडिलांना त्या कोटात बघितलं की ती गाडीत मान खाली घालून बसायची. मेळ्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते, तेव्हा ती आत आली आणि बॅग टेबलावर आपटून म्हणाली, “बाबा, माय होल हिस्टरी क्लास इज कमिंग. टीचरनं एक्स्ट्रा क्रेडिट दिलंय. प्लीज कॅन्सल करा ना.”

“काहून? चांगलंच आहे की. मित्रांना भेटव.”

“दे विल लाफ ॲट यू! तिथे कोणीच आपल्यासारखं नसणार. एव्हरीवन विल बी लाइक, हा कोण? हा इथे काय करतोय? यू डोंट गेट इट. तुमचा या वॉरशी काय संबंध?”

भाऊंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. नेहमीसारखे हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“तुझे आजोबा फौजेत होते, हे तुला माहीत आहे,” ते म्हणाले. “महायुद्धात इटलीपर्यंत गेले होते. परत आले तेव्हा अंगावर वर्दी होती. स्टेशनावरून पायी गावात आले. वेशीजवळ गावातले लोक बसले होते. ते म्हणाले, हे घालून गावातून जायचं नाही. तुमच्या लोकांनी असे कपडे घालून आमच्यासमोरून जायचं नाही. आणि आजोबांनी वर्दी काढली. धोतर नव्हतं जवळ. आतल्या कपड्यांवर, वर्दीची घडी हातात धरून ते घरी आले. माझी आई सांगायची. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्यांनी ती पुन्हा कधी घातली नाही. मी लहानपणी ती पेटीतून काढून घातली होती, तर मारलं मला. एकदाच मारलं आयुष्यात.”

मित्रा उभीच होती. वहिनींनी गॅस बंद केला.

“मला कोणी हसलं तरी चालेल, बेटा,” भाऊ म्हणाले. “पण मी वर्दी घालून गावातून जाणार. तू नाही आलीस तरी मी रागावणार नाही.”

मित्रा टेबलावरची बॅग उचलून वर गेली. रात्रीच्या जेवणालाही ती खाली आली नाही, असं वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मेळ्याच्या दिवशी ऊन चांगलं होतं. आधी पलटण गावाच्या मुख्य रस्त्यावरून मैदानापर्यंत संचलन करत गेली. दोन्ही बाजूंना घडीच्या खुर्च्या टाकून लोक बसलेले, पोरांच्या हातात झेंडे. भाऊ दुसऱ्या रांगेत होते, लोकरीच्या कोटात घामानं निथळत, मिशा सरळ, नजर समोर. मी त्यांना इतकं ताठ चालताना कधीच पाहिलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते. एका म्हातारीनं खुर्चीतून उठून छातीवर हात ठेवला. भाऊंनी मान वळवली नाही, पण त्यांचे डोळे भरलेले मला दिसले. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठला.

मैदानात चित्र उभं राहिलं. शिपाई पेट्यांवर बसले. पट्ट्या बांधल्या गेल्या. शाळेची मुलं दोरीला लागून उभी होती आणि त्यांच्यात, अगदी मागे, मित्राही होती. तिच्या बाबांकडे बोट दाखवून कुणीतरी काहीतरी बोललं आणि दोघं-तिघं हसले. तिनं खाली बघितलं.

वॉल्टरनं शत्रूच्या अधिकाऱ्याचं काम घेतलं होतं. त्यानं एकेका शिपायाला विचारलं, “काही सांगायचंय?” बाकीच्यांनी मानेनंच नाही म्हटलं. भाऊंना त्यानं बजावून ठेवलं होतं, थोडक्यात बोला. भाऊंचं थोडक्यात म्हणजे काय हे माहीत असल्यानं आम्ही सगळेच धास्तावलो होतो.

भाऊ उभे राहिले. इंग्रजीत बोलायचं ठरलं होतं. ते मराठीत बोलले. मोठ्यानं, स्वच्छ.

“मी शिपाई सखाराम मेश्राम यांचा मुलगा. माझ्या बापाचं नाव कोणत्याही चित्राखाली छापलेलं नाही, म्हणून मी ते इथं सांगून राहिलो. सखाराम मेश्राम. बस, एवढंच.”

आणि ते पेटीवर बसले.

आमच्याखेरीज कुणाला शब्द कळले नव्हते, पण काहीतरी खरं बोललं गेलंय हे सगळ्यांना समजलं होतं. मघाशी हसलेल्या मुलांपैकी एकानं हळूच विचारलेलं मला ऐकू आलं, “तो काय म्हणाला?” आणि मग मित्राचा आवाज आला. आधी बारीक, मग मोठा होत गेलेला. ती मैत्रिणींना बाजूला सारत दोरीपर्यंत पुढे आली आणि बाबांचा शब्द न् शब्द तिनं इंग्रजीत सांगितला. शेवटी तिनं आजोबांचं नाव सांगितलं आणि म्हणाली, “दॅट्स माय ग्रँडफादर. अँड दॅट्स माय डॅड.”

वॉल्टरनं हुकूम दिला. बार झाले, धूर झाला, शिपाई कोसळले. भाऊ इतके सुंदर मेले की वहिनी हातरुमालात तोंड लपवून हसल्या की रडल्या ते मला सांगता येणार नाही.

आता मेलेल्यांना उचलून न्यायचं होतं. बाकीचे पटापट गेले. भाऊंना चौघांनी उचललं, दोन पावलं टाकली आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. रॉजर डोक्याकडे होता, तो लालबुंद झाला. प्रेक्षकांत खसखस पिकायला लागली. तेवढ्यात मित्रा दोरीखालून वाकून आत धावली आणि तिनं बाबांच्या एका हाताखाली खांदा दिला. तिच्या मागोमाग वर्गातली दोन धिप्पाड पोरं आली. भाऊ हवेत उचलले गेले. मेलेल्या शिपायानं एक डोळा उघडला आणि मराठीत म्हटलं, “मित्रा, काखेतला हात काढ बेटा, गुदगुल्या होऊन राहिल्या.” मग मित्राला हसू आवरेना, तिच्यामुळे त्या पोरांना, आणि मैदानाच्या कडेपर्यंत तो मृतदेह पोट हलवत, हसत हसत गेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रॉजर रडकुंडीला येऊन सांगत होता की त्या काळात असं झालं नसतं.

दोन वर्षांनी मित्रा इतिहास शिकायला कॉलेजला गेली आणि ते चित्र बरोबर घेऊन गेली. तिनं ते होस्टेलच्या खोलीत पलंगासमोर लावलं. रूममेटनं आठवड्याभरात खोली बदलून घेतली. भाऊंना याचा फार अभिमान वाटायचा. ते सगळ्यांना सांगायचे.

नंतर आम्ही नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलला आलो. फोन व्हायचे, येणंजाणं कमी झालं. एका हिवाळ्यात आमच्याकडे मराठी मंडळींचा कार्यक्रम होता, त्यासाठी भाऊ आणि वहिनी मुद्दाम गाडी चालवत आले. जेवणं झाल्यावर हॉलमध्ये भाषणं सुरू झाली आणि भाऊ मला दिसेनात. मी कोट घालून बाहेर आले. पार्किंगमध्ये बर्फ भुरभुरत होता. तिथे वीसेक लहान मुलं जाडजूड जॅकेटांत रांगेनं उभी होती आणि भाऊ त्यांना कवायत शिकवत होते, मराठीत.

“डावीकडे वळ!”

इथेच जन्मलेली पोरं ती. काही डावीकडे वळली, काही उजवीकडे, दोघं एकमेकांवर आपटून बर्फात बसली, एक मुलगी तर स्वतःभोवती गोल फिरायला लागली. “व्हिच वन इज डावीकडे, काका?” कुणीतरी ओरडलं.

“तुम्ही ज्या बाजूला वळाल ती!” भाऊ ओरडले. त्यांच्या मिशांवर बर्फ साचला होता, दोन्ही हात वर होते. “चला, सगळ्यांनी वळा! थांबू नका!”

आणि ती सगळी पलटण, वाटेल त्या दिशांना वळत, त्यांच्याभोवती ओरडत फिरायला लागली.